गोल पृथ्वी, सपाट स्क्रीन: नकाशावर देश फुगतात कसे?

नव्या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत इअरफोन घरीच राहिले असतील, किंवा ऐकताना आकडे कानावरून निसटून जात असतील, तर हे वाचा. रेकॉर्डिंगमध्ये जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे कसं आहे ना" थोडे कमी केलेत.

आजची सुरुवात तीन प्रश्नांनी. सर्च करायचं नाही, मनातल्या मनात उत्तर द्यायचं.

एक, भारत मोठा की ग्रीनलँड? दोन, महाराष्ट्र मोठा की युनायटेड किंगडम, म्हणजे अख्खं ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड धरून? तीन, महाराष्ट्र आणि फिनलंड यांत फरक किती?

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर पहिल्याचं उत्तर ग्रीनलँड येतं. वर डाव्या अंगाला तो भलामोठा पांढरा तुकडा आठवतोय ना? आता आकडे बघा. ग्रीनलँडचं क्षेत्रफळ साधारण २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. भारताचं ३२ लाख ८७ हजार. म्हणजे भारत ग्रीनलँडच्या दीडपट आहे! महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, आणि युनायटेड किंगडम सुमारे २ लाख ४४ हजार. ज्यांनी आपल्यावर दीडशे-दोनशे वर्षं राज्य केलं त्यांचा देश आपल्या एका राज्यापेक्षा लहान. फिनलंड ३ लाख ३८ हजार, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी मोठा. पण नेहमीच्या नकाशावर फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपट दिसतो.

या विषयावर भाग करायचं कारण म्हणजे एका श्रोत्याने पाठवलेला फॉरवर्ड. त्यात लिहिलं होतं की गोऱ्या लोकांनी मुद्दाम आपले देश लहान आणि स्वतःचे मोठे दाखवले, हे चारशे वर्षांचं कारस्थान आहे, शंभर जणांना पाठवा. आता गंमत अशी, की त्यातलं अर्धं खरं आहे. देश खरंच चुकीच्या आकाराचे दिसतात. पण कारण कारस्थान नाही, कारण भूमिती आहे. आणि हे कारण नीट समजलं नाही तर आपण दोन्हीकडून फसतो: आधी नकाशाकडून आणि मग फॉरवर्डकडून.

संत्र्याची साल आणि गाऊसचं गणित

एक संत्रं घ्या. साल शक्य तितकी अखंड सोला आणि टेबलावर ठेवून हाताने सपाट दाबा. काय होतं? कडा फाटतात. फाटू द्यायची नसेल तर कुठेतरी ओढावी लागेल, कुठेतरी सुरकुत्या पडतील. हेच कागदाच्या बाबतीत करून बघा. कागद गुंडाळून नळकांडं करा किंवा भेळवाल्याचा शंकू करा, आणि परत उलगडा. कागद जसाच्या तसा सपाट होतो, कुठेही ताण नाही.

म्हणजे नळकांडं आणि शंकू सपाट करता येतात, पण गोल करता येत नाही. जर्मन गणिती कार्ल फ्रेडरिक गाऊस याने १८२७ मध्ये हे गणिताने पक्कं सिद्ध करून दाखवलं. गोलाच्या पृष्ठभागाला जी वक्रता असते ती कितीही वाकवावाकवी केली तरी जात नाही. ती घालवायची तर अंतरं बदलावीच लागतात. हे आजच्या तंत्राची मर्यादा आहे आणि उद्या कॉम्प्युटर वेगवान झाले की सुटेल, असं नाही. हे कधीच सुटणार नाही.

मग नकाशा बनवणारे काय करतात? पृथ्वीवरचा प्रत्येक बिंदू कागदावर कुठे ठेवायचा याचा एक नियम ठरवतात. त्या नियमाला म्हणतात प्रक्षेपण. भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द वाचलेला असेल, दोन मार्कांसाठी पाठ करून विसरलेलाही असाल. नियम कोणताही घ्या, काहीतरी बिघडणारच. आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा या चारांपैकी काय सांभाळायचं आणि कशाचा बळी द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं. जगाचा एकही सपाट नकाशा असा नाही की ज्यात चारही बरोबर आहेत.

१५६९: खलाशांसाठी काढलेला नकाशा

आपल्या भिंतीवरचा तो नकाशा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेरार्डस मर्केटर. जन्म १५१२, आजच्या बेल्जियममधल्या रुपेलमोंड गावचा. त्याने आजच्या जर्मनीतल्या डुइसबर्ग शहरात राहून १५६९ मध्ये जगाचा नकाशा छापला. १८ वेगवेगळे कागद जोडून तो तयार व्हायचा, आणि जोडल्यावर रुंदी दोन मीटर. त्याचं लांबलचक लॅटिन नावच सांगतं की हा नकाशा दर्यावर्दी लोकांच्या उपयोगासाठी केलेला आहे.

त्या काळातल्या खलाशाची अडचण काय होती ते बघू. समजा १५६९ साली तुम्ही गोव्याहून मस्कतला निघालात. तेव्हा दोन्ही बंदरं पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, म्हणजे असा प्रवास अगदी नेहमीचा. जीपीएस नाही, किनारा दिसत नाही, हातात फक्त होकायंत्र. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एक दिशा ठरवायची, समजा उत्तरेपासून पश्चिमेकडे ६० अंश, आणि होकायंत्राची सुई तिथेच राखत जहाज हाकायचं. पण ही एकाच दिशेची वाट गोलावर सरळ नसते, ती वळत वळत जाते. साध्या नकाशावर ती वाकडी यायची, आणि निघताना कोणती दिशा धरायची हे नकाशावरून कळायचं नाही.

मर्केटरने असा नकाशा केला की ही वाट त्यावर सरळ रेषा होते. गोव्यापासून मस्कतपर्यंत पट्टी ठेवा, रेघ मारा, तिचा कोन मोजा. झालं, तीच तुमची दिशा. ही सोय म्हणजे त्या काळातलं नेव्हिगेशन अ‍ॅपच म्हणा ना.

आता या सोयीची किंमत कशी मोजावी लागली ते बघा, कारण सगळ्या भागाचं मर्म इथे आहे.

विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. उत्तरेला जाल तशी अक्षवृत्तं लहान होत जातात. ६० अंशांवर, म्हणजे साधारण हेलसिंकी आणि ऑस्लो जिथे आहेत तिथे, तो घेर उरतो निम्मा, २०,००० किलोमीटर. आणि ध्रुवावर? शून्य. तिथे फक्त एक बिंदू. पण मर्केटरच्या नकाशात सगळी रेखावृत्तं उभी आणि समांतर आहेत. म्हणजे ४०,००० किलोमीटरचं विषुववृत्त आणि २०,००० किलोमीटरचं ६० अंशांचं अक्षवृत्त, दोन्ही रेघा कागदावर सारख्याच लांबीच्या! याचा अर्थ हेलसिंकीजवळची जमीन आडवी दुप्पट ताणली गेली.

नुसती आडवी ताणली तर सगळे कोन बिघडतात आणि खलाशाची दिशा चुकते. म्हणून मर्केटरने तिथे उभीही दुप्पट ताणली. आता कोन बरोबर, देशाचा चेहरामोहरा बरोबर. पण दोन गुणिले दोन, क्षेत्रफळ चौपट!

असं प्रत्येक अक्षांशावर चालतं, फक्त पट बदलते. मुंबईच्या १९ अंशांवर फुगवटा अवघा १२ टक्के. ४५ अंशांवर क्षेत्रफळ दुप्पट. ६० वर चौपट. ७२ अंशांवर, म्हणजे ग्रीनलँडच्या मध्यावर, दहापट. ८० अंशांवर ३३ पट. आणि ध्रुव? शून्याला ताणून ४०,००० करायचे तर ताण अनंत होतो, म्हणून मर्केटरच्या नकाशात ध्रुव कधीच येत नाहीत. कागद कितीही उंच घ्या.

आता फिनलंड आणि महाराष्ट्राचं कोडं सुटलं ना? फिनलंड ६४ अंशांच्या आसपास, फुगवटा पाचपटीहून जास्त. महाराष्ट्र १९-२० अंशांवर, फुगवटा नावापुरता. ब्रिटनचा फुगवटा जवळपास तिप्पट, म्हणून तो आपल्या राज्याच्या दुप्पट दिसतो. आफ्रिकेच्या तर मधोमध विषुववृत्त जातं, त्यामुळे तिला फुगायला जवळपास वावच नाही. खरी आफ्रिका ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटरची, ग्रीनलँडच्या चौदापट. नकाशावर दोघं बरोबरीचे वाटतात. आफ्रिकेत अमेरिका, चीन आणि भारत हे तिन्ही देश टाकले तरी ७६ लाख चौरस किलोमीटर जागा उरते. म्हणजे वर आणखी दोन भारत मावतील!

टिकल्यांचा प्रयोग

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक मस्त युक्ती आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर एकाच मापाच्या गोल टिकल्या चिकटवा: एक विषुववृत्तावर, एक मुंबईवर, एक लंडनवर, एक ग्रीनलँडवर. गोलावर सगळ्या सारख्या. आता कल्पना करा की नकाशा काढताना या टिकल्याही नकाशात उतरल्या.

मर्केटरमध्ये सगळ्या टिकल्या गोलच राहतील, पण वर जाल तशा मोठ्या होत जातील. ग्रीनलँडची टिकली बशीएवढी. दुसऱ्या एखाद्या नकाशात सगळ्या टिकल्यांचं क्षेत्रफळ सारखं राहील, पण काही उभट होतील, काही आडव्या चेपतील. तिसऱ्यात दोन्ही थोडं थोडं बिघडेल. ही कल्पना माझी नाही हं. १९ व्या शतकात निकोला तिसो नावाच्या फ्रेंच गणितीने नकाशाचा बिघाड मोजायला अशीच छोटी वर्तुळं वापरली. आजही नकाशाशास्त्राच्या वर्गात ती शिकवतात. फक्त त्याच्याकडे टिकलीचं पाकीट नव्हतं.

सरळ रेघ लांबची, वाकडी रेघ जवळची

मुंबईहून न्यूयॉर्कला विमान कसं जाईल? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहाराचं वाळवंट आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. लांबी मोजली तर साधारण १४,२०० किलोमीटर.

आता पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो: मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. लांबी साधारण १२,५०० किलोमीटर. जवळपास १,७०० किलोमीटर वाचले! विमानातल्या स्क्रीनवर आपलं विमान उगाच उत्तरेला वळसा घेतंय असं वाटतं ना, तो वळसा नसतो. तोच जवळचा रस्ता. वाकडा तो नकाशावर दिसतो. प्रत्यक्ष विमानाचा मार्ग वाऱ्यावर आणि कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे यावरही ठरतो, पण हिशोबाची सुरुवात या दोऱ्यापासून होते.

लक्षात घ्या, मर्केटरची सरळ रेघ चूक नाही. ती एकाच दिशेने जायची वाट आहे, सगळ्यात जवळची नाही. नकाशाने खलाशाला जे वचन दिलं होतं ते पाळलं. आपण त्याला भलताच प्रश्न विचारला.

एक वर्तुळ आणि अर्धं जग सुरक्षित

असा भलता प्रश्न विचारला की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. मे २००३ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकाने उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं कुठपर्यंत पोहोचू शकतात याचा नकाशा छापला. उत्तर कोरियाला मध्य धरून कंपासने काढावीत तशी वर्तुळं. नकाशा मर्केटरसारखा. दिसायला अगदी स्वच्छ आणि पटणारा.

पण आत्ताच आपण बघितलं, मर्केटरवर एक सेंटीमीटर म्हणजे किती किलोमीटर हे प्रत्येक अक्षांशावर वेगळं असतं. त्यामुळे हजारो किलोमीटरचा पल्ला तिथे गोल वर्तुळ म्हणून काढताच येत नाही. शिवाय कोरियाहून न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो, आणि ध्रुव तर या नकाशात नाहीच! वाचकांनी चूक दाखवल्यावर दोन आठवड्यांनी साप्ताहिकाला सुधारित नकाशा छापावा लागला. त्यात वर्तुळांच्या जागी वर पसरत गेलेले वेगळेच आकार होते, आणि आधी पल्ल्याच्या बाहेर वाटणारा बराच मोठा प्रदेश आत आला होता.

इथे मला थांबावंसं वाटतं. जमिनी तिथेच होत्या, क्षेपणास्त्रं तीच होती. फक्त प्रक्षेपण विसरलं गेलं, आणि कोण धोक्यात आणि कोण सुरक्षित याचं चित्रच बदललं. नकाशा ही पुस्तकातली नुसती आकृती नाही. लोक त्यावरून मतं बनवतात, कधी निर्णयही घेतात.

मग तुमच्या फोनमध्ये मर्केटर का?

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत असताना गुगल मॅप्ससारख्या कंपन्या मर्केटरच का वापरतात? कारण तुम्ही जग बघायला मॅप्स उघडत नाही. तुम्ही "पुढच्या चौकात उजवीकडे की डावीकडे" हे बघायला उघडता.

फोनवरचा नकाशा लहान लहान चौकोनी फरशांचा बनलेला असतो. मूळ पद्धतीत एक फरशी २५६ गुणिले २५६ पिक्सेलची. सगळ्यात दूरून बघितलं तर अख्खं जग एका फरशीवर. एक पायरी झूम केलं की चार फरशा, आणखी एक पायरी की सोळा. जग चौरसात बसवायचं म्हणून साधारण ८५ अंशांच्या वरचा भाग सरळ कापून टाकलेला असतो.

आणि इथे मर्केटरचा जुना गुण कामी येतो. त्यात कोन बिघडत नाहीत. काटकोनात मिळणारे रस्ते काटकोनातच दिसतात, मग शहर दादर असो की स्टॉकहोम. गुगल मॅप्स अगदी सुरुवातीला वेगळं प्रक्षेपण वापरत होतं, तेव्हा स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांत चौकातले रस्ते तिरके दिसायचे. म्हणून मर्केटर आला. एका शहरापुरतं बघताना सगळीकडे ताण जवळपास सारखाच असतो, त्यामुळे फुगवटा जाणवतही नाही. गडबड होते ती बोटांनी चिमटा काढून जग लहान केल्यावर. डेस्कटॉपवर गुगलने २०१८ पासून पूर्ण झूम आउट केलं की पृथ्वी गोल दाखवायला सुरुवात केली, ती याचसाठी.

हे स्वतः तपासा. सपाट नकाशा दाखवणारं कोणतंही अ‍ॅप उघडा, कोपऱ्यातली अंतराची पट्टी बघा, आणि झूम न बदलता नकाशा मुंबईपासून उत्तरेला नॉर्वेपर्यंत सरकवा. पट्टीची लांबी किंवा तिच्यावरचा आकडा बदलत जाईल. स्क्रीनवर तेवढीच जागा, पण किलोमीटर कमी. म्हणूनच स्क्रीनशॉटवर पट्टी ठेवून दोन दूरचे देश कधी मोजू नका.

मर्केटरच्या भावकीतला आणखी एक नकाशा महाराष्ट्रात रोज काम करतो. मोजणी, जीआयएस, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनी यूटीएम हे नाव ऐकलं असेल. यात मर्केटरचं नळकांडं आडवं पाडतात आणि पृथ्वीचे ६-६ अंशांचे ६० उभे पट्टे करून प्रत्येक पट्ट्याचा वेगळा नकाशा करतात. पट्टा अरुंद, म्हणून बिघाड फार थोडा: पट्ट्याच्या मध्यरेषेवर किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर. पण ७८ अंश रेखावृत्तावर पट्टा बदलतो आणि ती रेघ महाराष्ट्रातून जाते. त्यामुळे मुंबई-पुणे ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात आणि नागपूर ४४ मध्ये. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राचा डेटा पट्टा न बघता एकत्र केला, तर नागपूर भलतीकडेच जाऊन बसतं! तेच मर्केटर, योग्य कामाला लावलं की सेंटीमीटरमध्ये हिशोब देतं.

मग खरं क्षेत्रफळ दाखवणारा नकाशा घ्यायचा का?

घ्यायचा, पण त्याचीही किंमत आहे. १९७३ मध्ये आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकाराने एक नकाशा मोठ्या जोरात मांडला. मर्केटरमुळे युरोप मोठा आणि गरीब देश लहान दिसतात, माझ्या नकाशात सगळ्यांना न्याय मिळेल, असा त्याचा दावा. त्याच जातीचा नकाशा स्कॉटलंडच्या जेम्स गॉल याने १८५५ मध्येच मांडला होता, म्हणून आज त्याला गॉल-पीटर्स म्हणतात. त्यात क्षेत्रफळं अगदी बरोबर आहेत. आफ्रिका आफ्रिकेएवढी, ग्रीनलँड ग्रीनलँडएवढं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये तो वर्गात लावायला घेतला.

पण टिकल्या आठवा. गॉल-पीटर्समध्ये विषुववृत्तावरची टिकली रुंदीच्या दुप्पट उंच होते. मध्य भारतातली जवळपास पावणेदोन पट. भारताचं क्षेत्रफळ बरोबर, पण देश असा उभा ताणलेला की ओल्या कपड्यासारखा दोरीवर लटकतोय असं वाटतं. उत्तरेकडचे देश उलट आडवे चेपलेले. म्हणजे अन्याय हटला नाही, क्षेत्रफळावरून आकारावर गेला.

काहींनी मधला मार्ग काढला. अमेरिकेच्या आर्थर रॉबिन्सन याने १९६३ मध्ये सगळंच थोडं थोडं बिघडवणारा, पण डोळ्यांना बरा दिसणारा नकाशा केला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९८८ मध्ये तो घेतला, आणि १९९८ मध्ये तो सोडून ओस्वाल्ड विंकेल याचा १९२१ सालचा नकाशा स्वीकारला. २०१८ मध्ये 'इक्वल अर्थ' आला: क्षेत्रफळं बरोबर, आणि देशांचे आकारही गॉल-पीटर्सपेक्षा खूपच ओळखीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये तर ५५ सदस्यांच्या आफ्रिकी संघाने मर्केटरऐवजी असे नकाशे वापरावेत यासाठीच्या मोहिमेला पाठिंबा दिला. म्हणजे हा वाद इतिहासजमा झालेला नाही, आजचा आहे.

तर मग, कारस्थान आहे की नाही?

मला विचाराल तर मर्केटरने कारस्थान केलं नाही. त्याने खलाशांना दिशा द्यायचं काम घेतलं आणि ते चोख केलं. खुद्द युरोपातही सगळ्यांना सारखाच फायदा झाला नाही: स्पेन कमी फुगला, नॉर्वे प्रचंड. कॅनडा आणि सायबेरियाचा बर्फही खूप फुगला, आणि तो काही कुणाच्या मोठेपणासाठी नाही.

पण म्हणून आफ्रिकी देशांची तक्रार खोटी ठरत नाही. समुद्रावर वापरायचा नकाशा आपण वर्गाच्या भिंतीवर लावला, बातम्यांच्या मागे लावला, आणि पिढ्यानपिढ्या मुलांनी त्यावरूनच "मोठा देश कोणता" हे ठरवलं. मोठं दिसतं ते महत्त्वाचं वाटतं, हा माणसाचा स्वभाव आहे. आपल्या मनात भारताचं आणि आफ्रिकेचं जे चित्र आहे ते या सवयीने थोडं आक्रसलंय. दोष नकाशा काढणाऱ्याचा नसेल, पण चुकीच्या जागी तो टांगत राहणाऱ्यांचा नक्कीच आहे. नवा नकाशा मिळत असताना जुनाच लावून ठेवणं, ही आता निवड आहे.

म्हणून कोणताही जगाचा नकाशा समोर आला की तीन गोष्टी विचारा. पहिली: हा कशासाठी काढलाय? वाट दाखवायला, की देशांची तुलना करायला? दुसरी: ग्रीनलँड आणि आफ्रिका शेजारी ठेवून बघा. दोघं सारखे दिसले तर त्या नकाशावरून आकाराबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. तिसरी: त्यावर रंग भरून काही सांगितलंय का? तापमान, लोकसंख्या, निवडणुकीचे निकाल, काहीही. असेल आणि नकाशा मर्केटर असेल, तर उत्तरेकडचा रंग खरा आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा खातोय हे मनात धरा.

आणि तो फॉरवर्ड? त्या श्रोत्याला मी उत्तर पाठवलं: "आकड्यांचं बरोबर आहे, कारस्थानाचं नाही. शंभर जणांना पाठवायचंच असेल तर संत्र्याची साल सपाट करतानाचा व्हिडिओ पाठव."

तुमच्या भाच्या-पुतण्यांच्या शाळेत भिंतीवर कोणता नकाशा आहे ते एकदा बघून या, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटूया. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!